सवयीची चिप की स्वस्तातली?

शेतीपंपाची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे वेळापत्रक तोंडपाठ असते. रात्रपाळी असली की बॅटरी हातात घ्यायची, उसाच्या बांधावरून नदीकाठच्या पेटीपर्यंत जायचे, हिरवे बटन दाबायचे, पाणी पडते का पाहायचे आणि परत यायचे. मध्येच लाइट गेली की पुन्हा तीच फेरी. वाटेत काय आडवे येईल ते सांगता येत नाही. कराड, पाटण, शिराळा भागात उसाच्या फडात बिबट्या आसरा घेतो आणि सापाचे तर रोजचेच. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि निम्मे पावसाळ्यातले होते.

ही फेरी वाचावी म्हणून मोबाईल स्टार्टर आले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ या यंत्राला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला, तेव्हा या कल्पनेची चर्चा सगळीकडे झाली. घरून फोन लावायचा, वीज आहे का ते कळते, पंप सुरू करता येतो आणि बंदही करता येतो. आज अशा पेट्या अनेक लहान-मोठे उत्पादक बनवतात.

पेटी उघडली की कॉन्टॅक्टर, रिले, ट्रान्सफॉर्मर आणि सिमकार्डाचे मॉड्यूल दिसते. त्यांच्या गर्दीत नखाएवढी एक काळी चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. वीज तिन्ही फेजवर आली का, व्होल्टेज पुरेसे आहे का, विहीर कोरडी पडून पंप नुसताच फिरतोय का, हे सगळे तीच पाहते आणि मोटर चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवते. ही चिप कुठल्या कंपनीची घ्यायची, हा प्रश्न शेतकऱ्यापर्यंत कधी येत नाही. पण त्याच्या उत्तरावर त्याची रात्र अवलंबून असते.

नखाएवढा संगणक

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपवर बसवलेला छोटा संगणक. हिशेब करणारा प्रोसेसर, प्रोग्रॅम साठवायची जागा, तात्पुरती स्मृती, वेळ मोजणारे टायमर आणि बाहेरच्या जगाशी जोडणारे पाय, हे सगळे एकाच तुकड्यात. वॉशिंग मशिन, रिक्षाचा मीटर, रक्तदाब मोजायचे यंत्र, दूध संकलन केंद्रातला वजनकाटा या सगळ्यांत तो असतो.

इंटेलने १९८० मध्ये ८०५१ नावाची अशी चिप आणली. प्रोग्रॅमसाठी ४ किलोबाइट आणि तात्पुरत्या स्मृतीसाठी १२८ बाइट, एवढाच तिचा संसार. मोबाईलवर मराठीत चाळीसेक अक्षरांचा मेसेज लिहिला तरी १२८ बाइट भरून जातात. पण एवढ्या जागेतही एखादी मोटर, एखादा काटा आरामात सांभाळता येई. पुढे अमेरिकेच्या मायक्रोचिप कंपनीची ‘पिक’ मालिका आली. नॉर्वेतल्या दोन विद्यार्थ्यांच्या कामातून निघालेली ‘एव्हीआर’ ही चिप ॲटमेल कंपनीने १९९०च्या दशकात बाजारात आणली. २००७ मध्ये एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची ‘एसटीएम-३२’ मालिका आली आणि २०१४ च्या सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची वाय-फायसह येणारी स्वस्त चिप जगभर पसरली. आज पर्याय हजारोंनी आहेत. तरी अनेक अभियंते वर्षानुवर्षे एकाच कंपनीची चिप वापरत राहतात.

निष्ठा कुठे लागते?

या निष्ठेची सुरुवात बहुतेक वेळा प्रयोगशाळेत होते. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयापासून (स्थापना १९४७) साताऱ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत आणि पुढे राज्यभर, इलेक्ट्रॉनिक्सच्या अनेक पिढ्यांनी ८०५१ वर हात बसवला. पहिला दिवा तिच्यावर लुकलुकला, पहिली मोटर तिच्यावर फिरली. नंतरच्या पिढीला इटलीत २००५ मध्ये जन्मलेल्या अर्डुइनो बोर्डाने लळा लावला आणि त्यातून एव्हीआर ओळखीची झाली. ज्या चिपवर शिक्षण झाले, तीच नोकरी लागल्यावर पहिल्या कामात आठवते. चिप कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे. म्हणून त्या महाविद्यालयांना कमी किमतीत किट देतात, सॉफ्टवेअर फुकट देतात, कार्यशाळा भरवतात. खर्च आज होतो, पीक दहा वर्षांनी येते.

पण याला नुसती भावना म्हणणे अन्यायाचे होईल. शेतकरी किर्लोस्करचाच पंप का घेतो, किंवा दुसऱ्या एखाद्या मेकचाच का धरून बसतो, हे त्याला विचारून पाहावे. गावातल्या वायरमनला तो खोलता येतो, बुश आणि सील तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, बिघाड कुठे होतो ते सगळ्यांना माहीत असते, अशी त्याची कारणे असतात. अभियंत्याचेही तसेच आहे. एका कंपनीच्या चिपसाठी त्याने प्रोग्रॅमर विकत घेतलेला असतो, कंपायलर शिकलेला असतो, पाच-दहा वर्षांत लिहिलेला आणि तावून सुलाखून घेतलेला कोड कपाटात असतो. त्या चिपच्या खोड्याही त्याला पाठ असतात. हे सगळे ज्ञान म्हणजे त्याची पुंजीच. चिप बदलली की त्यातला बराचसा भाग शून्यावर येतो.

साठ रुपयांचा हिशेब

समजा, कुपवाड किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात वर्षाला ५०० मोबाईल स्टार्टर बनतात. सवयीची चिप ९० रुपयांना पडते, नवी चिप ३० रुपयांना मिळते. एका पेटीमागे ६० रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला ३० हजार. आता खर्चाची बाजू पाहू. नव्या चिपसाठी प्रोग्रॅम पुन्हा लिहायला एका अभियंत्याला तीन महिने लागले आणि त्याचा पगार महिना ४० हजार असला, तर १ लाख २० हजार झाले. नवे सर्किट बोर्ड आणि चाचण्या यांचे ३० हजार धरले, तर एकूण दीड लाख. हा खर्च वसूल व्हायला पाच वर्षे लागतील.

हाच कारखाना वर्षाला २० हजार पेट्या बनवत असेल, तर वर्षाची बचत १२ लाख होते आणि दीड लाख रुपये दीड महिन्यात सुटतात. तिथे सवयीची चिप कवटाळून बसणे महागात पडते. म्हणजे चिप तीच आणि किमतीही त्याच, पण उत्तर उलटे. ते ठरवते मालाची संख्या. मोठ्या कंपनीत एकेका रुपयावर बैठका होतात आणि छोट्या कारखान्यात ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ असे म्हणतात, याचे कारण इथे आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

या हिशेबात एक बाब हमखास विसरली जाते. जत किंवा माणमधल्या एखाद्या मळ्यावर पेटी बंद पडली की कारागीर मोटारसायकलवरून जातो. जाण्या-येण्याचे पेट्रोल आणि अर्धा दिवस धरला तर एका फेरीचे ६०० रुपये कुठेच गेले नाहीत. म्हणजे एका फेरीत दहा चिपांवरची बचत संपली. नव्या चिपमुळे ५०० पैकी ५० पेट्यांना जरी जास्तीची एक फेरी पडली, तरी वर्षाचे ३० हजार तिथेच बुडाले. शिवाय ज्याचे पाणी चुकले त्या शेतकऱ्याने पुढची पेटी कुणाकडून घ्यायची, हेही ठरवून टाकलेले असते.

पत्र्याच्या पेटीतला उन्हाळा

चिप प्रयोगशाळेत टेबलावर चालते तशी मळ्यावर चालत नाही. एप्रिल-मे महिन्यात बाहेर चाळीस अंश असले की उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत त्याहून बरेच जास्त तापमान होते. चिपांच्या प्रती असतात. ‘कमर्शियल’ प्रतीची चिप ० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्याची हमी असते, ‘इंडस्ट्रियल’ प्रतीची उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत. दोन्ही दिसायला सारख्या असतात. दरपत्रकात स्वस्त दिसणारी चिप कुठल्या प्रतीची आहे, हे पाहिल्याशिवाय तुलना करण्यात अर्थ नाही.

उष्णतेपेक्षा त्रासदायक असते ती खुद्द मोटर. कॉन्टॅक्टरची कॉइल सुटते त्या क्षणी तारांमध्ये व्होल्टेजचा मोठा झटका उठतो. त्याने चिप भांबावते, मध्येच थांबते किंवा पहिल्यापासून सुरू होते. वळवाच्या विजांचा तडाखा वेगळाच. म्हणून चिपमध्ये ‘वॉचडॉग’ नावाचा राखणदार असतो. प्रोग्रॅम ठरावीक वेळेत हजेरी लावत नसेल, तर हा राखणदार चिपला झोपेतून उठवतो. व्होल्टेज फार घसरले तर काम थांबवणारी सोयही असते. या सोयी बहुतेक चिपांत असतात, पण प्रत्येकीत त्या किती भरवशाच्या आहेत हे अनुभवानेच कळते. जुन्या आठ-बिटच्या अनेक चिपा ५ व्होल्टवर चालतात, तर नव्या बहुतेक ३.३ व्होल्टवर. त्यामुळे चिप बदलली की वीजपुरवठ्याची बाजू आणि रिलेपर्यंतची जोडणीही पुन्हा तपासावी लागते.

यातच महावितरणची एक जुनी तक्रार आहे. साधे ऑटो स्विच लावलेले सगळे पंप वीज येताच एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर ताण येतो. मायक्रोकंट्रोलर असेल तर प्रत्येक पेटीला काही सेकंद मागेपुढे थांबायला शिकवता येते. हे काम ९० रुपयांची चिप करते आणि ३० रुपयांचीही करते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने तेवढा विचार केला पाहिजे.

२०२१ ने शिकवलेले

निष्ठेची दुसरी बाजू जगाला २०२१ मध्ये दिसली. करोनाच्या पहिल्या लाटेत वाहन कंपन्यांनी चिपांच्या ऑर्डरी कमी केल्या आणि त्याच वेळी घरबसल्या कामामुळे लॅपटॉप-मोबाईलची मागणी वाढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासात हिमवादळाने चिपचे कारखाने बंद पाडले, मार्चमध्ये जपानमधल्या रेनेसास कंपनीच्या कारखान्याला आग लागली. चिपांचा दुष्काळ पडला. मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मधले आपले उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल असे जाहीर केले, तर महिंद्रने २० ते २५ टक्के कपात सांगितली. मायक्रोकंट्रोलरसाठी वर्षभराची प्रतीक्षा सांगितली जाऊ लागली आणि खुल्या बाजारात काही चिपांचे भाव अनेक पटींनी चढले.

जिथे मोठ्या वाहन कंपन्यांना माल मिळेना, तिथे पाचशे चिपा मागणारा लहान कारखानदार रांगेत अगदी शेवटी. ज्यांची सगळी उत्पादने एकाच कंपनीच्या एकाच चिपवर उभी होती, त्यांचे हात बांधले गेले. एकाच विहिरीच्या भरवशावर सगळा मळा लावला आणि विहीर आटली, तसे.

ही भीती नवी नाही. ८०५१ च्या काळातही इंटेलने इतर कंपन्यांना तीच चिप बनवायची परवानगी दिली होती आणि फिलिप्स, सीमेन्स, एएमडी ती बनवत होते. म्हणूनच इंटेलने हात आखडता घेतल्यावरही ८०५१ चा वंश टिकला. पुढे प्रत्येक कंपनीने आपापली वेगळी चिप काढली आणि ग्राहक एकेका दारात अडकला. कंपन्यांचे मालकही बदलतात. २०१६ मध्ये मायक्रोचिपने ॲटमेल विकत घेतली आणि ‘पिक’वाले व ‘एव्हीआर’वाले असे दोन परस्परविरोधी पंथ एका छताखाली आले. एव्हीआर बंद होईल की काय, अशी धास्ती तेव्हा अनेकांना वाटली होती. तसे झाले नाही.

दहा सेंटची चिप

दुष्काळानंतर स्वस्त चिपांचा पूर आला. चीनच्या डब्ल्यूसीएच कंपनीची ‘सीएच-३२व्ही-००३’ ही ३२ बिटची चिप घाऊक भावात सुमारे १० अमेरिकी सेंटला मिळू लागली. तैवानच्या पडौक कंपनीची एक चिप तर त्याआधीच तीन सेंटची म्हणून प्रसिद्ध झाली होती. तिच्यात प्रोग्रॅम एकदाच भरता येतो. चूक झाली की चिप कचऱ्यात. खेळण्यासाठी ती उत्तम. मळ्यावरच्या स्टार्टरमध्ये उद्या सुधारणा करायची झाली, तर मात्र ती अडचणीची.

दुसरा प्रकार ‘सारखे पाय असलेल्या’ चिपांचा. एसटीच्या लोकप्रिय चिपच्या जागी बसणारी गिगाडिव्हाइस या चिनी कंपनीची चिप उघडपणे स्वतःच्या नावाने विकली जाते आणि अनेक उत्पादक ती समजून-उमजून वापरतात. पण पाय जुळले म्हणजे स्वभाव जुळला असे नाही. वेग वेगळा असतो, स्मृतीची चाल वेगळी असते आणि जुना प्रोग्रॅम कुठेतरी ठेचकाळतो. याशिवाय मूळ कंपनीच्या नावाने विकली जाणारी बनावट चिप ही तिसरीच गोष्ट. स्वस्त, पर्यायी आणि नकली या तीन शब्दांत गल्लत केली की पस्तावण्याची वेळ येते.

भारतातही हालचाल आहे. सी-डॅकने ‘वेगा’ मालिकेतली ‘तेजस-३२’ ही चिप आणि तिच्यावरचे ‘एरिस’ बोर्ड आणले. मद्रास आयआयटीच्या पंखाखाली वाढलेल्या माइंडग्रोव्ह कंपनीने २०२४ मध्ये आपला मायक्रोकंट्रोलर जाहीर केला. या चिपा ‘रिस्क-५’ या खुल्या रचनेवर आहेत. ही रचना कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही, हे तिचे बलस्थान. अर्थात, रचना खुली असली तरी टायमर, मोजमापाचे भाग आणि साधने प्रत्येकाची वेगळी असतात, तेव्हा चिप बदलायचे कष्ट पुरते संपत नाहीत.

काही ठिकाणी हा निर्णय अभियंत्याच्या एकट्याच्या हातात नसतोच. वजनकाट्याला २००९ च्या वैधमापन कायद्याखाली मॉडेलची मंजुरी लागते. वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे नियम लागू आहेत आणि कामगिरीवर परिणाम करणारा रचनेतला बदल आधी मंजूर करून घ्यावा लागतो. रक्तदाबाच्या यंत्रात किंवा दुधाच्या काट्यात चार-पाच रुपये वाचवण्यासाठी चिप बदलणे म्हणूनच सोपे नाही, आणि तसे ते नसलेलेच बरे.

मधली वाट

मग करायचे काय? अनुभवी मंडळी प्रोग्रॅमचे दोन भाग करतात. पंप कधी सुरू करायचा, किती व्होल्टेजला थांबायचे, कोरडा चालतोय हे कसे ओळखायचे, हे शहाणपण एका भागात. कुठल्या पायाला रिले जोडला आहे आणि टायमर कसा चालवायचा, हा चिपपुरता तपशील दुसऱ्या भागात. चिप बदलली तर दुसरा भाग नवा लिहायचा, पहिला तसाच राहतो. सुरुवातीला यात थोडे जास्त कष्ट पडतात. पण २०२१ सारखी वेळ आली की तीन महिन्यांचे काम तीन आठवड्यांवर येऊ शकते.

दुसरे, जुने उत्पादन जुन्या चिपवर चालू ठेवायचे आणि नवे उत्पादन काढताना दुसरी चिप हाताखालून घालायची. तिसरे, चिप किती वर्षे मिळत राहील हे आधी पाहायचे. मायक्रोचिप ग्राहक मागतात तोवर जुन्या चिपा बनवत राहण्याचे धोरण सांगते, एसटी आपल्या अनेक चिपांसाठी दहा वर्षांच्या पुरवठ्याची ग्वाही देते. शेतातली पेटी दहा वर्षे टिकावी अशी अपेक्षा असेल, तर अशा ग्वाहीचे काही मोल धरावेच लागते. चौथे, नवी चिप आधी दहा-वीस पेट्यांत घालून एक उन्हाळा आणि एक पावसाळा मळ्यावर काढू द्यायचा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवातीला लोखंडी नांगर बनवले, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी ते कुणी घेईना, असे सांगतात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे याच भागातल्या शिवारांत लोखंडी नांगर रुळला. शेतकऱ्याचा विश्वास बसला तो नांगर चालताना पाहून. चिपच्या बाबतीतही वेगळा उपाय नाही.

स्टार्टर घेणाऱ्यालाही काही प्रश्न विचारता येतात. चिप कुठल्या कंपनीची, हे विचारून फारसे हाती लागणार नाही. पेटी बंद पडली तर दुरुस्ती तालुक्यात होते का? पाच वर्षांनी बोर्ड मिळेल का? मध्येच अडकली तर ती स्वतःहून पुन्हा सुरू होते का? वीज आल्यावर काही सेकंद थांबते का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, पंप खरोखर सुरू झाला की नाही हे फोनवर कळते का? नुसता ‘आदेश पाठवला’ असा निरोप देणारी पेटी माणसाला शेवटी बॅटरी घेऊन बांधावर पाठवतेच.

दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना सुरू आहे, सौर पंपही वाढत आहेत. त्यांच्याही नियंत्रकात मायक्रोकंट्रोलर असतोच. मात्र ज्या शिवारात अजून रात्रपाळी आहे, तिथे रात्री दीडला वीज आल्यावर पेटीने पंप सुरू केला पाहिजे आणि तसे घरी कळवले पाहिजे. त्या शेतकऱ्याच्या लेखी चिपची परीक्षा एवढीच आहे.